फौज, कर्ज आणि अट : जालन्याच्या छावणीच्या निमित्ताने बाह्य साहाय्याचा एक विचार

जालना येथे इंग्रजी फौजेची छावणी इ. स. १८२७ मध्ये बांधण्यात आली आणि १९०३ मध्ये ती उठली. या दोन वर्षांच्या दरम्यान मराठवाड्याच्या या भागावर निजामाचे राज्य होते. फौज मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली होती आणि तिचा खर्च निजामाच्या खजिन्यातून, म्हणजे अखेर येथील रयतेच्या सारावसुलीतून, भागत होता. स्थानिक इतिहासात या छावणीची नोंद सहसा एखाद्या ओळीत आटोपते. तथापि, एका मोठ्या प्रश्नाचा उलगडा होण्यास ती उपयोगी पडण्याजोगी आहे. अनियंत्रित सत्तेस बाहेरच्या सामर्थ्यवान सत्तेने साहाय्य द्यावे काय, दिल्यास प्रजेच्या हक्कांच्या अटीवर द्यावे काय, आणि अशा अटी घातल्यास त्या कोणाच्या उपयोगी पडतात, हा तो प्रश्न होय. परदेशी विकाससाहाय्याच्या संदर्भात हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हैदराबाद संस्थानाचा इतिहास पाहता त्याचे मूळ किमान दीडशे वर्षे मागे नेता येते.

(१) तहातील शब्द

कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात १ सप्टेंबर १७९८ रोजी तह झाला. त्यान्वये निजामाने आपल्या पदरची फ्रेंच पलटणे मोडावयाची, कंपनीच्या सहा पलटणी बाळगावयाच्या आणि त्यांच्या खर्चासाठी सालीना २४,१७,१०० रुपये द्यावयाचे असे ठरले. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने ही फौज वाढविण्यात आली. रोख रकमेऐवजी निजामाने म्हैसूरच्या दोन युद्धांतून, म्हणजे १७९२ व १७९९ मध्ये, मिळविलेला मुलूख कंपनीस कायमचा तोडून दिला.

या फौजेचे इंग्रजी नाव ‘सब्सिडियरी फोर्स’ असे आहे. ‘सब्सिडी’ या शब्दाचे मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे त्याचा अर्थ राखीव फौज व त्यावरून मदत असा होतो. युरोपच्या राजकारणात इंग्लंड आपल्या मित्रराष्ट्रांना फौजा उभारण्यासाठी पैसा देत असे व त्यास सब्सिडी म्हणत असे. तेथे मदत करणारा पैसे देतो. हिंदुस्थानात तोच शब्द आला, परंतु पैशाचा प्रवाह उलटा झाला. येथे मदत घेणारा पैसे देऊ लागला. मराठीने या संस्थेस ‘तैनाती फौज’ असे नाव दिले. ‘तैनात’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द नेमणुकीचा व चाकरीचा वाचक आहे. मदतीचा त्यात गंधही नाही. व्यवहाराचे खरे स्वरूप इंग्रजी नावापेक्षा मराठी नावाने अधिक प्रामाणिकपणे सांगितले असे म्हणावयास हरकत नाही.

१८०० च्या तहातील दोन कलमे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एका कलमात कंपनीने असे जाहीर केले की निजामाची मुले, आप्त, प्रजा व नोकर यांच्याशी कंपनीचा कोणत्याही प्रकारे संबंध नाही आणि त्या सर्वांच्या बाबतीत निजाम पूर्णतः निरंकुश आहे. दुसऱ्या कलमात, शोरापूर, गदवाल यांचे जमीनदार किंवा निजामाची अन्य प्रजा सरकारचे येणे अडवून धरील अगर बंड करील, तर ही फौज निजामाच्या फौजेबरोबर जाऊन त्यांस ताळ्यावर आणील असे आश्वासन दिले. पहिल्या कलमाने प्रजेविषयीची जबाबदारी नाकारली आणि दुसऱ्याने त्याच प्रजेविरुद्ध वापरावयाची तलवार पुरविली. अहस्तक्षेपाचे वचन आणि हस्तक्षेपाचे साधन एकाच दस्तऐवजात शेजारी शेजारी बसले. यापुढील सर्व इतिहास या विसंगतीचा विस्तार आहे.

(२) असईपासून छावणीपर्यंत

इ. स. १८०३ च्या युद्धापूर्वी जालना शिंद्यांच्या ताब्यात होते. कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबर १८०३ रोजी ते घेतले. २१ सप्टेंबर रोजी बदनापूर येथे वेलस्ली व स्टीव्हन्सन यांची भेट झाली, आणि २३ सप्टेंबर रोजी केळणा नदीच्या काठी असईची लढाई झाली. ही सर्व स्थळे १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या जालना जिल्ह्यात मोडतात. सुर्जी-अंजनगावच्या तहाने (३० डिसेंबर १८०३) अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील मुलूख शिंद्यांनी सोडला. जालन्याचा किल्ला व परगणा यांचा तहात नावाने उल्लेख आहे. १८०४ च्या वाटणीत हा प्रदेश निजामाकडे गेला. रणभूमीवर जो निकाल लागला त्यात येथील रयतेस धनी बदलून मिळाला, एवढाच तिच्यापुरता फरक पडला.

तहाप्रमाणे युद्धप्रसंगी निजामाने ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ पुरवावयाचे होते. हे सैन्य निकामी आहे अशी तक्रार करून रेसिडेंट हेन्री रसेल याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी पलटणे उभी केली. तीच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून प्रसिद्धीस आली. ही फौज तहात नव्हती. कारभारी चंदूलाल याच्या संमतीने ती वाढत गेली आणि तिचा वार्षिक खर्च सुमारे चाळीस लाखांवर जाऊन पोहोचला. तिचा उपयोग बाहेरच्या शत्रूपेक्षा आतील बंडे मोडण्यासाठीच अधिक झाला. १८१९ मध्ये नोव्हाच्या गढीत नाईकांचे बंड याच फौजेने मोडले. अजिंठ्याच्या डोंगरातील भिल्लांविरुद्धही तिचा वापर झाला. पुढे जालना हे या कंटिंजंटच्या प्रमुख ठाण्यांपैकी एक ठरले.

साहाय्याचा राज्यकर्त्याच्या वर्तनावर काय परिणाम होतो हे येथे स्पष्ट दिसते. जुन्या व्यवस्थेत जुलमास काही एक मर्यादा असे. वसुली असह्य झाली की देशमुख, नाईक, जमीनदार उठत, रयत गाव सोडून जाई, आणि दरबारास तडजोड करावी लागे. कायमस्वरूपी परकी फौज पाठीशी आल्यावर तडजोडीची गरज उरली नाही. तालुके मक्त्याने दिले जाऊ लागले, मक्तेदार बदलत राहिले, आणि आलेल्या मक्तेदाराने आपला नजराणा शेतकऱ्याकडून वसूल करावयाचा हा क्रम पडला. फौजेच्या पगारासाठी वसुली आणि वसुलीसाठी फौज, असे हे चक्र होते.

(३) कर्ज

चाळीस लाखांचा वार्षिक बोजा दरबारास पेलला नाही, तेव्हा कर्ज आले. विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी हैदराबादेत स्थापन झाली होती. संस्थानिकांस युरोपियनांनी कर्ज देण्यास कायद्याने मनाई होती. परंतु १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने या पेढीस त्यातून सूट दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड याची पत्नी हेस्टिंग्जच्या आश्रयाखाली वाढलेली होती. १८२० मध्ये साठ लाखांच्या नव्या कर्जास मंजुरी मिळाली. रयतेस तगाई देणे, जुनी देणी फेडणे व कारभार सुधारणे अशी त्याची कारणे दाखविण्यात आली होती. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने चौकशी केली तेव्हा या रकमेचा मोठा भाग केवळ वहीत इकडून तिकडे फिरविला गेल्याचे उघडकीस आले. रयतेच्या सुधारणेच्या नावाने काढलेले कर्ज रयतेपर्यंत पोहोचलेच नव्हते.

पेढीचे देणे भागविण्यासाठी कंपनी सरकारने रक्कम दिली आणि तिच्या मोबदल्यात, उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामास मिळणारी सात लाखांची सालीना पेशकश कायमची रद्द झाली. पुढे १८२४ मध्ये पेढी बुडाली. पेशकश मात्र निजामाच्या हातून गेली ती गेलीच.

(४) मेटकाफची अट

या पार्श्वभूमीवर मेटकाफने जे केले ते या इतिहासातील सर्वांत विचारार्ह प्रकरण आहे. ज्या राज्यास आपली फौज उभे ठेवते त्या राज्याच्या जुलमाची जबाबदारी आपल्यावरही येते, ही त्याच्या भूमिकेची दिशा होती. त्याने निरनिराळ्या भागांत इंग्रज अधिकारी देखरेखीस नेमले, गावागावाशी काही वर्षांच्या मुदतीचा सारा ठरविला, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक वसूल होऊ नये व झाल्यास रयतेस दाद मागता यावी अशी व्यवस्था केली. साहाय्याच्या बदल्यात प्रजेच्या बाजूने घातलेली ही अट होय, असे आजच्या परिभाषेत म्हणता येईल.

तिचा शेवट बोधप्रद आहे. १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आला. आपल्या राज्यात आपण निरंकुश आहोत या तहातील कलमाकडे बोट दाखवून त्याने इंग्रज अधिकारी काढून घेण्याची मागणी केली, आणि गव्हर्नर जनरल बेंटिंकने ती मान्य केली. अधिकारी गेले, कंटिंजंट राहिली. सार्वभौमत्वाचा युक्तिवाद रयतेस संरक्षण देणाऱ्या अटीपुरता चालला. फौज आणि तिचा खर्च यांबाबत तो चालला नाही. मेटकाफच्या योजनेतही एक मूलभूत उणीव होती. दाद देणारा अधिकारी रयतेने नेमलेला नव्हता आणि तिला जबाबदारही नव्हता. तो रेसिडेंटच्या मर्जीने आला व कलकत्त्याच्या मर्जीने गेला. जिचे रक्षण व्हावयाचे त्या प्रजेच्या हाती अटीचे कोणतेही टोक नव्हते.

(५) वऱ्हाड आणि रेल्वे

प्रजेच्या बाजूची अट अशी सहज सुटली. धनकोच्या बाजूची अट मात्र सुटली नाही. कंटिंजंटचा पगार थकत गेला, कंपनीने तो आपल्याकडून देऊन निजामाच्या नावे मांडला, आणि ही बाकी चाळीस लाखांच्या वर गेल्यावर डलहौसीने २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब यांचा कारभार आपल्याकडे घेतला. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचा मोबदला म्हणून १८६० मध्ये धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले आणि पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने सालीना २५ लाखांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले. त्यानंतर कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि जालन्याची छावणी उठली. वऱ्हाड व मराठवाडा ही एका भाषेची दोन अंगे निराळ्या राजवटींत वाढली, याचे एक कारण या फौजेच्या थकलेल्या पगारात आहे.

याच काळात साहाय्याने विकासाचे रूप घेतले. निजामाच्या हमीवर लंडनच्या भांडवलातून रेल्वे कंपनी उभी करण्याची योजना १८८३ मध्ये पुढे आली. भांडवलदारांस ठराविक व्याजाची हमी होती. तोटा आल्यास तो संस्थानाने सोसावयाचा होता. या योजनेचे तपशील प्रजेपुढे ठेवावेत अशी मागणी करणारी चळवळ हैदराबादेत झाली, आणि तिच्या पुढाऱ्यांपैकी डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना मे १८८३ मध्ये संस्थानाबाहेर घालविण्यात आले. जालन्यावरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला. त्याने येथील कापसास बाजारपेठ मिळवून दिली हे नाकारता येत नाही. परंतु रेल्वे उपयुक्त होती काय, हा प्रश्न एक आणि तिच्या कराराविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रजेस होता काय, हा प्रश्न निराळा. विकासाचे फळ दाखवून दुसऱ्या प्रश्नास गप्प बसविण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

(६) सार्वभौम सत्तेचे कर्तव्य

विसाव्या शतकात हा प्रश्न सिद्धान्ताच्या भाषेत मांडला गेला. निजामाने वऱ्हाडाच्या प्रश्नावर बरोबरीचा दावा केला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने २७ मार्च १९२६ च्या पत्राने तो फेटाळला आणि संस्थानांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करण्याचा हक्क ब्रिटिश सत्तेच्या सर्वश्रेष्ठतेतून आपोआप प्राप्त होतो असे बजावले. त्यानंतर महसूल व पोलीस यांसारख्या खात्यांत ब्रिटिश अधिकारी घेणे निजामास भाग पडले. सभा व संघटना यांवरील निर्बंध मात्र कायम राहिले. सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची करणारे ‘गश्ती निशाण ५३’ हे मराठवाड्यातील कार्यकर्त्यांच्या पिढीस तोंडपाठ असलेले नाव होते.

१९२९ च्या बटलर समितीच्या अहवालाने सार्वभौम सत्तेचे कर्तव्य पुढीलप्रमाणे सांगितले. संस्थानिकास दूर सारून दुसरी राज्यपद्धती आणण्याचा प्रयत्न झाल्यास त्याचे संरक्षण करणे ब्रिटिश सत्तेवर बंधनकारक आहे. तो प्रयत्न गैरकारभारामुळे झाला असेल तर संरक्षण अटींवर द्यावे. परंतु गैरकारभार नसून राज्यपद्धती बदलण्याची व्यापक लोकेच्छाच त्यामागे असेल, तर संस्थानिकाचे हक्क राखावेत आणि त्यास न हटविता त्या इच्छेचे समाधान होईल असे उपाय सुचवावेत. म्हणजे दुष्ट कारभाराविरुद्ध तक्रार ऐकली जाईल. स्वराज्याच्या मागणीचे मात्र केवळ समाधान करावयाचे. प्रजेस चांगली वागणूक मिळण्याचा हक्क मान्य झाला, सत्तेत सहभागी होण्याचा नाही.

हैदराबादेत याचा प्रत्यय लगेच आला. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. ऑक्टोबरमध्ये गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. १९३९ च्या जुलैमध्ये ज्या सुधारणा जाहीर झाल्या त्यांत हितसंबंधांच्या आधारावरील विधिमंडळ होते, पण अंतिम सत्ता सर्वस्वी निजामाकडेच राहिली. बंदी उठली ती १९४६ मध्ये. या सर्व काळात निजामास ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हा किताब होता आणि महायुद्धांतील त्याची मदत ब्रिटिश सत्तेस मोलाची होती. दात्याचा स्वार्थ जेव्हा सत्ताधीशाशी जडलेला असतो तेव्हा अट कागदावर राहते.

(७) आश्वासनाचा शेवट

ऑगस्ट १९४७ मध्ये ब्रिटिश सार्वभौमत्व संपले. भारत व हैदराबाद यांच्यातील ‘जैसे थे’ करार २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झाला. अंतर्गत सुव्यवस्थेसाठी निजामास फौजेची मदत पाठविण्याचे कोणतेही बंधन भारतावर राहणार नाही, असे त्यात स्पष्ट नमूद होते. १८०० मध्ये दिलेले आश्वासन एकशे सत्तेचाळीस वर्षांनी अशा रीतीने मागे घेतले गेले. बाहेरची फौज नाहीशी होताच राजवटीस कासिम रझवीच्या रझाकारांवर विसंबावे लागले. प्रजेची संमती मिळविण्याचा सराव तिला नव्हता. दीड शतक त्याची गरजच पडली नव्हती. याचा अर्थ संस्थानातील सर्व दोष परकी साहाय्याने निर्माण केले असा नव्हे. परंतु त्या दोषांची किंमत सत्ताधीशाला मोजावी लागू नये ही सोय मात्र त्या साहाय्याने केली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती दिली. जालन्यात गुरख्यांची एक तुकडी ठेवून सैन्य लातूरच्या दिशेने पुढे गेले. त्यापूर्वी मराठवाड्याच्या गावोगावी स्त्री-पुरुषांनी जो लढा दिला होता, ज्यात बदनापूर भागातील दगडाबाई शेळके यांचे नाव आदराने घेतले जाते, त्याची या घटनेमागे भूमिका होती. मात्र इतिहासकाराने येथेच थांबणे योग्य नाही. कारवाईच्या सुमारास व नंतर संस्थानात मुसलमान रहिवाशांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा केला, आणि धाराशिव (उस्मानाबाद), गुलबर्गा, बिदर व नांदेड हे सर्वाधिक पीडित जिल्हे असल्याचे सांगितले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला व २०१३ च्या सुमारास अभ्यासकांस खुला झाला. प्रजेच्या हक्कांसाठी येणारी सत्ताही प्रजेच्या सर्व घटकांस जबाबदार असली पाहिजे, हा निष्कर्ष यातून टाळता येत नाही.

(८) उत्तरकालीन परिभाषा

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांमधील विकाससाहाय्याची पद्धत रूढ झाली आणि जुना प्रश्न नव्या संज्ञांनी पुढे आला. जागतिक बँकेच्या घटनेने तिला सदस्य देशांच्या राजकीय बाबींत हस्तक्षेप करण्यास मनाई केली. निर्णय केवळ आर्थिक कारणांवर व्हावेत असे ठरले. १८०० च्या तहातील निःसंबंधतेच्या कलमाची येथे आठवण होते. अमेरिकेच्या १९६१ च्या परदेश साहाय्य कायद्यात १९७५ मध्ये हार्किन यांच्या दुरुस्तीने असे कलम आले की मानवी हक्कांचे सातत्याने घोर उल्लंघन करणाऱ्या सरकारास विकाससाहाय्य देऊ नये. मात्र ते थेट गरजूंच्या हिताचे असेल तर द्यावे. सत्ताधीशास वगळून प्रजेपर्यंत पोहोचण्याचा हा प्रयत्न मेटकाफच्या गावगन्ना साऱ्याच्या जातकुळीचा आहे. युरोपीय देश आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक प्रदेशांतील देश यांच्यातील चौथ्या लोमे करारात १९९५ मध्ये मानवी हक्कांचा आदर हा कराराचा आवश्यक घटक ठरविण्यात आला आणि २००० च्या कोटोनू करारात उल्लंघन झाल्यास आधी विचारविनिमय व नंतर योग्य उपाय अशी पद्धत घालून देण्यात आली. या अटींचा वापर सामरिक महत्त्वाच्या देशांविरुद्ध क्वचित आणि दुबळ्या देशांविरुद्ध अधिक होतो, हा आक्षेप त्यांच्यावर वारंवार घेतला गेला आहे.

हैदराबादच्या उदाहरणावरून या वादात दोन गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पहिली, बिनशर्त साहाय्य असे काही नसते. ‘आम्ही अंतर्गत कारभारात पडत नाही’ असे म्हणून दिलेली फौज वा रक्कम ही सत्ताधीशाच्या बाजूने केलेला हस्तक्षेपच असतो, कारण तिने सत्ताधीश आणि प्रजा यांच्यातील तोल बदलतो. दुसरी, अट प्रजेच्या हिताची असणे पुरेसे नाही. ती अमलात आणण्याची मागणी करण्याचे साधन प्रजेच्या हाती असावे लागते. करार काय आहे हे तिला कळावे, त्याविरुद्ध सभा भरविता यावी, आणि दाद मागितल्याबद्दल हद्दपारी होऊ नये. १८२९ मध्ये रयतेस हे साधन असते तर मेटकाफचे अधिकारी गेल्यावरही मुदतीचा सारा टिकला असता काय, हे सांगता येत नाही. परंतु तो इतक्या मुकाट्याने मोडला गेला नसता.

१७९८ पासून १९४७ पर्यंत जालन्याच्या परिसराचे भवितव्य ठरविणारे अनेक करार झाले. फौज, खर्च, कर्ज, मुलूख आणि रेल्वे या सर्वांची त्यांत तपशीलवार तरतूद आहे. पलटणींची संख्या आणि रुपयांचे आकडे त्यांत चोख मांडलेले आढळतात. या दस्तऐवजांवर निजाम, कारभारी, रेसिडेंट व गव्हर्नर जनरल यांच्या सह्या व मोहरा आहेत. ज्यांच्या वसुलीवर हे सर्व चालले त्या रयतेचा उल्लेख १८०० च्या तहात येतो तो ती निजामाच्या पूर्ण स्वाधीन आहे हे सांगण्यापुरता, आणि बंड केल्यास तिला ताळ्यावर आणण्यापुरता.